पहिले काय झालं, ते सांगा

नागपुरात मे महिन्यात कुणाचं पोट बिघडलं की निदानासाठी डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही. शेजारीपाजारी तीन निदानं तयारच असतात: ऊन लागलं, लग्नातलं जेवण बाधलं, नाहीतर बेंबी सरकली. पहिली दोन अगदीच हवेतली नाहीत. २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेलेलं हे शहर, इथे उन्हाने मळमळ, उलटी, कधी पातळ संडासही होते. दुपारभर मांडवात उघडा राहिलेला रस्सा आणि कुठल्या पाण्याचा कोण जाणे तो बर्फ, यांनी अख्खं वऱ्हाड आडवं पडलेलंही आपण पाहतो. बेंबीचं प्रकरण वेगळं, त्याकडे पुढे येते.

माझ्या बाबतीत तर पुरावाही हजर होता. काटोलकडच्या एका लग्नाहून आम्ही परतलो आणि रात्रीतून निम्मं घर संडासाच्या दाराशी रांगेत. माझंही पोट दुखायला लागलं, अन्नावरची वासना उडाली, मग उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्याइले झालं तेच तुले झालं बाप्पा, मीठ-साखरेचं पाणी पी अन् पडून राय." वस्तीतल्या डॉक्टरांनीही गॅस्ट्रो म्हटलं. त्या संध्याकाळी कुणीही तेच म्हटलं असतं, माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीचे पेज पिऊन उठून बसले. जाऊबाई तर कुरकुरत का होईना, कणीक भिजवायला लागल्या. मी मात्र उजवा पाय पोटाशी घेऊन पडलेली. संडासला जावंसं सारखं वाटे आणि व्हायची ती चमचाभर, शेंबडासारखी. अंगात कसर. ऑटोतून दवाखान्यात जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव कळवळत होता. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने स्टूल ओढलं आणि विचारलं, "काकू, पहिले काय झालं ते सांगा. उलटी का दुखणं?"

"दुखणं."

"कुठे?"

"बेंबीभोवती."

"अन् आता कुठे दुखून राहिलं?"

मी बोट ठेवलं ते उजवीकडे, खाली. तिने तिथे दाबलं, मग हात पटकन उचलला. उचलताना जास्त दुखलं. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि त्याच रात्री ऑपरेशन. अपेंडिक्स होतं, भोवती पू धरायला लागला होता.

त्या एका प्रश्नात किती वैद्यक भरलेलं होतं, ते नंतर वाचत गेले तसं कळलं. जंतूंच्या गॅस्ट्रोत बहुधा मळमळ-उलटी आधी येते, मग जुलाब, आणि पोटात मुरडा येतो तो त्यांच्या संगतीने. संडास झाली की घटकाभर बरं वाटतं. अपेंडिक्समध्ये क्रम सहसा उलटा: भूक मरते, बेंबीभोवती कुठेतरी मोघम दुखतं, उलटी त्यानंतर. पुढे काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तिथेच मुक्काम करतं. कारण सुरुवातीला सूज अपेंडिक्सपुरती असते, आणि आतड्याच्या या भागाच्या नसा मेंदूला जागा नीट सांगत नाहीत, 'मध्यावर कुठेतरी' एवढंच कळवतात. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मात्र नेमकी जागा कळते. मग चालताना, खोकताना, हसतानाही कळ येते. मुरड्याचा माणूस गडबडा लोळतो. हा माणूस हलायला तयार नसतो. अपेंडिक्स खाली गुदाशयाला टेकलेलं असेल तर माझ्यासारखी थोडी थोडी पातळ संडासही होते आणि सगळ्यांची दिशाभूल होते. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यात हे चित्र आणखी पुसट असतं.

स्पीडब्रेकरची गोष्ट ऐकून ती डॉक्टर हसली नाही. इंग्लंडमध्ये यावर खरोखरीच अभ्यास झालाय, २०१२ साली प्रसिद्धही झाला. अपेंडिक्स निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना गाडी उंचवट्यावरून जाताना जास्त दुखलं होतं. पण अपेंडिक्स नसलेल्या पुष्कळांनाही दुखलं. म्हणजे धक्का बसून दुखलं तर सिद्ध काहीच होत नाही; मात्र अजिबात दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते. नागपूरच्या रस्त्यांवर ही तपासणी फुकट होते.

आता बेंबी. सुरुवातीचं दुखणं बेंबीभोवतीच असल्याने 'बेंबी सरकली' हे निदान नेमकं चुकीच्या वेळी पटतं. मग पोट चोळणारी बाई येते, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला जातो, वरून कुणी एरंडेल पाजतं. सुजलेल्या अपेंडिक्सवर चोळणं आणि जुलाब, दोन्ही घातक. ते फुटू शकतं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देण्याचा 'डंबा' अजून बातम्यांत येतो. तान्हं बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, हिरवी उलटी करत असेल किंवा त्याच्या शीमध्ये रक्तमिश्रित शेंबूड दिसत असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तिथे वेळ तासांत मोजायचा.

क्रमाइतकंच मी दुसरं एक बघायला शिकले: दुखणं किती आणि संडास किती. जुलै २०२२मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरला, माणसं दगावली. कॉलऱ्यात तांदळाच्या धुवणासारखी संडास लोटते, पण पोट फारसं दुखत नाही, तापही सहसा नसतो. मारतं ते शरीरातलं पाणी संपणं. उलट दुखणं भयंकर आणि संडास नावापुरती किंवा नाहीच, तेव्हा 'गॅस्ट्रो' हा शब्द जपून वापरावा. नुसत्या उलट्या आणि जुलाब अजिबात नाही, असं तासन् तास चाललं तर माझ्या मते तो शब्द वापरूच नये.

मग गॅस्ट्रोच्या जागी काय काय असू शकतं? तेलकट-तर्रीदार जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन खांद्याकडे गेली तर पित्ताशयातले खडे. वरच्या पोटातून पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकून बसलं की जरा हलकं होणारं दुखणं हे स्वादुपिंडाचं. दारू किंवा तेच खडे त्यामागे असतात. पोट टम्म फुगलंय, वायू सरत नाही, उलटी हिरवी, आणि पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं, तर आतड्याला अडथळा. पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात एका बाजूला दुखून चक्कर आली तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. हे घरात मोठ्याने बोललं जात नाही म्हणून मुद्दाम लिहिते. साखरेच्या रुग्णाला उलट्या, पोटदुखी आणि खोल धापा लागल्या तर रक्तातली साखर आणि कीटोन ताबडतोब बघावेत. पावसाळ्यात तापानंतर पोट दुखून उलट्या थांबेनात, तर तो डेंग्यूचा धोक्याचा इशारा असतो.

आणि हृदय. पन्नाशीच्या माणसाला छातीच्या खळगीत जळजळ, मळमळ, दरदरून घाम, आणि घरचे म्हणतात, "गॅस झाला, सोडा दे." हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाही येतो, छातीत काही न दुखताही. बायकांत आणि मधुमेहींत तर हे जास्तच. ईसीजीला पाच मिनिटं लागतात. तो काढून गॅसच निघाला तर कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्यावं.

खरा गॅस्ट्रो असेल तर तो वेळापत्रक पाळतो. अन्नातल्या तयार विषाने होणारी उलटी जेवणानंतर एक ते सहा तासांत सुरू होते आणि बहुधा दिवसभरात ओसरते. नोरोव्हायरससारखा विषाणू बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उठतो, एक ते तीन दिवस राहतो. तोवर काम एकच, पाणी भरून काढणं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं; ग्लासात थोडी थोडी पूड टाकून पिणारे आमच्या घरातही होते, त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१च्या बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, सलाइन संपलेलं असताना. नाव ओआरएसचं आणि आत साखरेचं सरबत, अशा खोक्यांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये बंदी घातली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, ते बघूनच घ्या. संडासमध्ये रक्त किंवा सोबत ताप असेल तर जुलाब बांधणारी गोळी मेडिकल स्टोअरमधून मागून घेऊ नका. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरत नाही, दुखणं एका जागी येऊन बसलं, यातलं काहीही झालं तर रात्र घरी काढू नये. नागपुरात मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते, १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

वेळापत्रक ओलांडलं की संशय बदलतो. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, अशक्तपणा वर वर सरकला, तर तो 'आजारपणाचा थकवा' नसतो. न्यूरॉलॉजिस्टकडे त्याच दिवशी जावं.

गॅस्ट्रोनंतर काहींना काही आठवडे दूध पचत नाही, ते बहुधा आपोआप सुधारतं. सुमारे दहातल्या एकाला पुढे आयबीएस, म्हणजे चिडक्या आतड्याचा विकार, मागे लागतो. तीन महिने, आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणं आणि शौचाची सवय बदलणं, असा त्याचा हिशेब. पण आयबीएस झोपेतून उठवून संडासला पळवत नाही, वजन उतरवत नाही, रक्त पाडत नाही. तसं होत असेल तर आतड्याचा टीबी, क्रोन्स (आतड्याच्या दीर्घ सुजेचा आजार), कर्करोग यांची तपासणी लागते. आपल्याकडे टीबी आणि क्रोन्स कोलोनोस्कोपीतही इतके सारखे दिसतात की तुकडा तपासूनसुद्धा कधी कधी निर्णय लांबतो. म्हणून बायोप्सीचा कागद आणि काचपट्ट्या दवाखाना बदलताना मागून घ्याव्यात.