कादंबरी सुचवा, पण किमतीसकट

वार्षिक परीक्षा संपली की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: पाचवी-सहावीतल्या मुलासाठी चांगली कादंबरी सुचवा. तासाभरात वीस नावं जमा होतात. निम्मी सुचवणाऱ्याच्या स्वतःच्या लहानपणातली, उरलेली पुरस्कारांच्या बातम्यांतली. पुस्तक केवढ्याला पडेल, सुटं मिळतं की संचातच, वाचनालयात सापडेल का, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. मग एखादा उत्साही पालक थेट दोन-तीन हजारांचा संच मागवतो आणि जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा संचावरचं प्लॅस्टिक तसंच असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकाला एका वेळी एकच पुस्तक सुचवावं आणि विकतही एकच घ्यावं. दुसरं घ्यायचं का, हे पहिलं कितव्या पानापर्यंत गेलं ते बघून ठरवावं. संचावरची वीस-पंचवीस टक्के सूट दिसायला मोठी, पण दहातली सहा पुस्तकं उघडलीच गेली नाहीत तर वाचलेल्या चार पुस्तकांची किंमत दुपटीच्या आसपास जाते.

आता भाव. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे मागच्या कव्हरवरची किंमत ही कमाल किंमत. बिल त्याच्या खालीच यायला हवं. सव्वाशे ते दोनशे पानांची, साध्या बांधणीची मराठी कुमार-कादंबरी आज साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांत मिळते. पानाला रुपया-सव्वा रुपया हा ढोबळ दर डोक्यात ठेवला की महाग-स्वस्त लगेच कळतं. आत रंगीत चित्रं असतील तर दर चढतो, आणि तो चढावाच. चारशे पानांचे जाड अनुवाद साडेतीनशे ते पाचशेच्या घरात जातात. इंग्रजी कादंबऱ्या बहुधा तीनशे ते पाचशे. ओळखीच्या दुकानात दहा टक्के सूट मागितली तर सहसा मिळते, प्रदर्शनात थोडी जास्त. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरमध्ये पुस्तक महोत्सव भरतो. तिथे सुटीपेक्षा मोठा फायदा हा, की मुलाला वीस प्रकाशकांची पुस्तकं एकाच दिवशी हाताळता येतात.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ उलटून दुसरं-तिसरं पान बघा. आवृत्ती, मुद्रणाचं साल, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, आणि कुठे कोपऱ्यात ‘संक्षिप्त’ असा शब्द. अनुवादकाचं नावच छापलेलं नसेल तर ते पुस्तक मी परत ठेवतो, भले साठ रुपयांचं असो. जुन्या छपाईच्या प्रतीवर कधी कधी नव्या किमतीचं लेबल चिकटवलेलं असतं. त्याच पुस्तकाची लेबल न लागलेली प्रत मागच्या रांगेत मिळाली तर जुन्या किमतीत मागायला संकोच नको.

सुटं घ्यावं असं, क्रमाने घ्यावं असं

मालिका दोन प्रकारच्या असतात आणि खर्चाचा सगळा खेळ त्या फरकावर आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा हा सायकलवेडा बनेश फेणे प्रत्येक पुस्तकात नव्या भानगडीत अडकतो आणि त्याच पुस्तकात सुटतो. त्यामुळे कुठलंही एक उचललं तरी चालतं. माझी पसंती पहिल्यालाच, ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ला. भाषेतले काही शब्द आजच्या मुलाला नवे वाटतील, पण गोष्ट इतकी पळते की मूल अडत नाही. सत्यजित राय यांचा फेलूदाही असाच. १९६५ साली बंगाली ‘संदेश’ मासिकातून तो आला. मराठीत अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले. ही पुस्तकं अंगाने बारीक आणि प्रत्येकात एक पूर्ण रहस्य, म्हणून दीडेकशे रुपयांत वाचनाची चव बघायला यासारखं काही नाही. ज्या मुलाला ‘वाचायचा कंटाळा’ आहे त्याला मी हेच सुचवतो.

हॅरी पॉटरचं तसं नाही. सात भाग, क्रमानेच वाचायचे, आणि चौथ्यापासून पुस्तकं विटेसारखी जाड होतात, किंमतही त्यांच्याबरोबर वाढते. मराठीत मंजुलने आणलेल्या मालिकेचा पहिला भाग विकत घ्या आणि बाकीचे वाचनालयातून किंवा मित्राकडून आणा. सात भागांची पेटी घेण्याची वेळ तेव्हाच, जेव्हा तिसरा भाग वाचून झाल्यावर मूल पुन्हा पहिल्याकडे वळलेलं दिसेल.

‘श्यामची आई’ची गोष्ट वेगळी. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे २०११ पासून ते कोणीही छापू शकतो. परिणाम दुकानात दिसतो: शंभराच्या आतल्या प्रतीपासून चांगल्या बांधणीच्या दोन-अडीचशेच्या प्रतीपर्यंत सगळं एकाच फळीवर. स्वस्त प्रत वाईटच असते असं नाही, पण काहींमध्ये मजकूर कापलेला असतो. तपासायची युक्ती सोपी आहे. मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. कमी भरल्या तर प्रत परत. आणि हे पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन ‘वाच’ म्हणून सोडून देऊ नका. घरातल्या कोणी रोज एक रात्र मोठ्याने वाचली तर ते जातं, नाही तर बक्षीस म्हणून मिळालेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात पडून राहतं.

नव्यातलं काय, असं विचारणाऱ्यांसाठी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी हा बरा आधार आहे. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२), वनखात्यात काम करणाऱ्या सलीम मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४). यातलं पहिलं मला वही-डायरी लिहायला लागलेल्या मुला-मुलींसाठी द्यावंसं वाटतं, दुसरं सुट्टीत गावी जाणाऱ्यांना. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ (२०१७) जरा थांबून, बाराव्या वर्षाच्या पुढे. पुरस्कार मिळाला म्हणजे मुलाला आवडेलच असं मात्र नाही. पुरस्कार देणारे सगळे मोठे असतात.

जाड पुस्तकांत दोनच नावं घेतो. शांता शेळके यांनी लुइसा मे अल्कॉटच्या कादंबरीचा केलेला अनुवाद ‘चौघीजणी’, आणि राम पटवर्धन यांचं ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ची, दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. फ्लोरिडाच्या रानातला मुलगा आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू. शेवट जिव्हारी लागतो, म्हणून घरातल्या मोठ्या माणसाने आधी वाचलेलं बरं. पैसे खर्च करून कायमचं घरात ठेवावं असं एकच पुस्तक विचाराल तर मी ‘पाडस’ म्हणेन. ते बाराव्या वर्षी एक वाचून होतं आणि चाळिसाव्या वर्षी दुसरंच.

वाचनालयात काय बघाल

वाचनालयाची वर्गणी आणि अनामत गावागणिक बदलते. अनुदानित सार्वजनिक वाचनालयात बालविभागाची वर्षाची वर्गणी बहुधा दोन-तीन नव्या कादंबऱ्यांच्या किमतीत बसते. म्हणजे वर्षात चार पुस्तकं वाचली तरी पैसे वसूल. पण पावती फाडण्याआधी काउंटरवर विचारा: अनामत परत मिळते का, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, उशिराचा दंड किती, आणि मूल एकटं येऊन पुस्तक बदलू शकतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पालकाच्या सवडीची वाट बघायची असेल तर महिनाभरात उत्साह मावळतो.

मग बालविभागाच्या कपाटापाशी स्वतः जा. ज्या वाचनालयांत अजून संगणकावर नोंद होत नाही, तिथे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती बघा. एखाद्या पुस्तकावर जांभळ्या शिक्क्यांच्या दोन रांगा भरून तिसरी सुरू झालेली असते, कडेला चिकटपट्टी लावलेली, कोपरे मऊ झालेले. शेजारच्या कोऱ्या करकरीत पुस्तकावर तीन वर्षांत एक शिक्का. तुमच्या गावातल्या मुलांना काय आवडतं याची याहून प्रामाणिक शिफारस मिळणार नाही, आणि ती फुकट आहे. चिठ्ठ्यांवरची सगळ्यांत अलीकडची तारीखही दोन वर्षांपूर्वीची असेल तर ते कपाट झोपलेलं आहे. वर्गणी भरू नका.

गोव्यात असाल तर पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाहाच. १८३२ सालची ही संस्था, आणि तिचा मुलांचा विभाग खरोखर मुलांसाठी आहे. महाबळेश्वर-पाचगणीची सहल ठरलीच असेल तर भिलारला अर्धा दिवस काढा. २०१७ पासून या पुस्तकांच्या गावात घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. पण तिथे पुस्तक घरी नेता येत नाही, तेव्हा अर्धी राहिलेली कादंबरी पुढे कुठून आणायची ते ठरवून जा.

पुस्तक-भिशी

गावात वाचनालय नसेल किंवा झोपलेलं असेल, तर भिशी काढा. आपल्याकडे पैशांची भिशी सगळ्यांना समजते, तेच गणित पुस्तकांना लावायचं. दहा घरं, प्रत्येकाने एकदाच दोनशे रुपयांची एक कादंबरी घ्यायची. दर पंधरा दिवसांनी, समजा दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, पुस्तकं फिरतात. पाच महिन्यांत प्रत्येक मुलाची दहा पुस्तकं वाचून होतात, खर्च घरटी दोनशे, म्हणजे पुस्तकामागे वीस रुपये. दहावी अदलाबदल झाली की ज्याचं पुस्तक त्याच्याकडे परत.

ही योजना मोडते ती तीन ठिकाणी. पहिलं, दोन घरं एकच पुस्तक आणतात. म्हणून सुरुवातीला यादी करा. दुसरं, कोणाचं तरी पुस्तक पावसात भिजतं. खराब केलं तर नवी प्रत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगितलं तर शेजाऱ्यांत वितुष्ट येतं. तिसरं, पुस्तकांची निवड पालक करतात. ती मुलांनी करायची. ज्याचं पुस्तक, त्याने अदलाबदलीच्या वेळी उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं की ते का घ्यावं. एक सातवीतली मुलगी एवढंच म्हणाली होती, ‘यात आई-बाबा फारसे येत नाहीत.’ पुढच्या फेरीत त्या पुस्तकासाठी चार हात वर झाले.

फुकट आणि स्वस्त, पण जपून

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. केंद्र सरकारचं राष्ट्रीय ई-पुस्तकालयही मोफत आहे, मराठी पुस्तकं त्यात आहेत आणि वयोगटाप्रमाणे निवडता येतात. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना याचा खरा उपयोग, कारण दोनशे रुपयांच्या पुस्तकाला हवाई टपाल त्याच्या कित्येक पट पडतं. सुट्टीत येणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत दोन किलो जागा राखून ठेवणं हा त्यांचा जुना उपाय अजून सर्वांत स्वस्त आहे. मोबाइलवर दोनशे पानं वाचायला मात्र मुलाला बसवू नका. गोष्टी तिथे वाचाव्यात, कादंबरी कागदावर.

फुटपाथवरची जुनी पुस्तकं जरूर घ्या, पण ‘जुनी’ आणि ‘नकली’ यांत फरक करा. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली नवी कोरी लोकप्रिय कादंबरी शंभर रुपयांत मिळत असेल तर ती बहुधा चोरटी छपाई असते. गुंडाळी काढायला सांगा: अक्षरं पुसट, मागची छपाई पुढे दिसते, मधेच आठ-सोळा पानं गायब. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं नसली की मूल पुन्हा महिनाभर पुस्तकाला हात लावत नाही.

दुसऱ्या गावातल्या भाचीला किंवा पुतण्याला पुस्तक पाठवायचं असेल तर कुरिअरवर पुस्तकाच्या निम्मी रक्कम घालवू नका. टपाल खात्याची जुनी नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तिच्यानंतर १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. दीडशे पानांची साधी कादंबरी ३०० ग्रॅमच्या आत बसते. पाकीट जमिनीमार्गे जातं, म्हणून वाढदिवसाच्या आधी दहा-बारा दिवस टाका. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असावं लागतं, आणि आत वाढदिवसाचं पत्रही घालायचं असेल तर पाकीट बंद करण्याआधी खिडकीवर विचारून घ्या.