हौसेचं पहिलं नाइन्टीन-इलेव्हन

अमेरिकेत राहताना रेंजवर नेमबाजीची गोडी लागली, की काही दिवसांनी प्लॅस्टिकच्या फ्रेमची आधुनिक पिस्तुलं निरस वाटायला लागतात आणि नजर 1911 कडे वळते. जॉन मोझेस ब्राउनिंगने आखलेलं आणि कोल्टने बनवलेलं हे .45 एसीपीचं पिस्तूल अमेरिकी लष्कराने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलं. 1985 मध्ये बेरेटाने त्याची जागा घेईपर्यंत ते तिथे टिकलं. पोलादी अंग, सडपातळ मूठ, सरळ मागे सरकणारा आखूड ट्रिगर. हौस वाटणं साहजिक आहे. पण या पिस्तुलाची ख्याती दुतोंडी आहे. कोणी त्याच्या भरवशाचे गोडवे गातं, तर कोणी ते ‘सारखं अडकतं’ म्हणून कानाला खडा लावतं. मला विचाराल तर दोघंही खरं बोलतात, फक्त दोघांच्या हातातली वस्तू एक नसते. पहिला ब्राउनिंगच्या आराखड्याबद्दल बोलतो आणि दुसरा त्या आराखड्यापासून दूर गेलेल्या पिस्तुलाबद्दल. म्हणून पहिली खरेदी करणाऱ्याने मूळ रचनेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहावं.

याला आधार त्या पिस्तुलाच्याच चाचणीचा आहे. 1911 च्या अंतिम चाचणीत कोल्टच्या नमुन्यातून 6000 गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल तापलं की ते पाण्यात बुडवून थंड करायचे आणि पुन्हा सुरू. त्यात ते एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज 37 वेळा अडलं. हे यश कुठल्या एका भागाचं नव्हतं. 5 इंची नळी, त्या लांबीच्या स्लाइडचं वजन, तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग, 7 गोळ्यांचं मॅगझीन आणि 230 ग्रेनची गोल नाकाची गोळी या सगळ्यांचं एकमेकांशी गणित जमवलेलं होतं. चिखल-माती शिरली तरी चालावं म्हणून भागांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली होती. या गणितातला एक आकडा बदलला की बाकीचे पुन्हा बसवावे लागतात, आणि तिथेच कटकट सुरू होते.

आखूड मॉडेलचंच बघा. कोल्टने 1985 मध्ये साडेतीन इंची नळीचं ऑफिसर्स मॉडेल आणलं. आज 3 इंचीसुद्धा मिळतात आणि काउंटरवर भलती गोंडस दिसतात. पण स्लाइड आखूड झाली की हलकी होते, तिचा मागे जाण्याचा प्रवास घटतो आणि तिला आवरायला कडक स्प्रिंग लागते. परिणामी पुढची गोळी वर उचलायला मॅगझीनला मिळणारा क्षण आक्रसतो. स्प्रिंग थोडी थकली किंवा मनगट जरा सैल पडलं की गोळी वाकडी अडकते. स्प्रिंगाही लवकर बदलाव्या लागतात. यावर आक्षेप येतो, की अंगावर बाळगायचं तर लहानच हवं. बाळगण्यासाठी असेल तर सव्वाचार इंची कमांडर हा बऱ्यापैकी तोडगा आहे. पण पहिल्या 1911 चं काम तुम्हाला 1911 शिकवणं हे आहे, आणि ते काम सव्वा किलोच्या आतबाहेरचं पूर्ण आकाराचं पोलादी पिस्तूल जास्त चांगलं करतं. धक्का वजनात जिरतो आणि चूक कुणाची, आपली की यंत्राची, हे लवकर कळतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. महाग पिस्तूल चांगलंच असणार, हा आपला बाजारातला जुना हिशेब. इथे तो अर्धाच लागू पडतो. कारागिराने हाताने घासून घट्ट बसवलेलं 1911 अचूक असतं, सुंदर असतं, पण ती घट्ट बसणी तेल-साफसफाई मागते आणि सुरुवातीच्या काहीशे गोळ्या ते मोकळं होण्यात जाऊ शकतात. 25 यार्डांवर ती अचूकता दिसायला आधी हात तयार हवा. नवशिक्याच्या हातात ती वाया जाते. त्यापेक्षा दुकानात ज्याला ‘जीआय’ किंवा ‘मिल-स्पेक’ म्हणतात ते साधं पिस्तूल घ्यावं. फिलिपिन्स आणि तुर्कस्तानात बनलेली स्वस्त पिस्तुलंही या वर्गात येतात. वाचलेल्या पैशातून चांगली मॅगझीन घ्यावीत, कारण अडकण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा मॅगझीनच्या वाकलेल्या ओठांत किंवा मरगळलेल्या स्प्रिंगेत असतं. गोळ्या सुरुवातीला गोल नाकाच्याच वापराव्यात. रुंद तोंडाची होलो पॉइंट चालवायची तर आपल्या पिस्तुलातून आधी भरपूर झाडून बघावी.

मग 9 मिमीचं काय? ते तर मूळ आराखड्यापासून दूर जाणंच झालं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि तरीही मी ही एक सवलत देईन. 9 मिमीची गोळी .45 पेक्षा बरीच स्वस्त पडते, म्हणजे तेवढ्याच पैशात सराव जास्त होतो. शिवाय आकार 5 इंचीच ठेवला तर बाकीचं गणित फारसं बिघडत नाही.

सगळ्यात चिवट मोह खऱ्या जुन्या पिस्तुलाचा असतो. दुसऱ्या महायुद्धातलं रेमिंग्टन रँड किंवा इथाकाचा शिक्का असलेलं एम1911ए1 हातात घेण्यात जी मजा आहे ती नव्यात नाही, हे मान्यच. पण ते संग्रहाचं काम आहे, सरावाचं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडचं पोलाद आजच्याइतकं कडक केलेलं नसे. भरपूर झाडल्यावर तिला तडा जाऊ शकतो. एखाद्याने हौसेने नवं ब्लूइंग करून चकचकीत केलेलं असेल, तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच घसरली. अस्सल-नक्कल ओळखायची नजर येईपर्यंत जुन्याच्या वाटेला जाऊ नये. वापरलेलं साधं पिस्तूल घ्यायचं असेल तर रिकामं असल्याची स्वतः खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने, दोन्ही सेफ्टी तपासाव्यात: अंगठ्याची सेफ्टी लावल्यावर किंवा मुठीची सेफ्टी दाबलेली नसताना ट्रिगर ओढला तर हॅमर पडता कामा नये. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडून बघण्याची सवय मात्र काउंटरवर ठेवूनच या. ट्रिगरच्या नाजूक जोडणीला ती मारक आहे. तसंच गोळी थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडू नये. एक्स्ट्रॅक्टरखाली गोळी मॅगझीनमधून वर सरकत यावी अशीच रचना आहे. उलट वागलं तर एक्स्ट्रॅक्टरचं टोक मोडू शकतं.

हॅमर मागे ओढलेला आणि सेफ्टी लावलेली, ही या पिस्तुलाची भरलेली अवस्था बघून नवख्याला धडकी भरते. मग तो भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर हळूच खाली आणायला जातो, आणि खरा धोका तिथे आहे. म्हणून वाचलेल्या पैशातला एक वाटा प्रशिक्षकाचा आणि एक कुलपाच्या तिजोरीचा, घरात मुलं असोत वा नसोत.

शेवटी कायदा, जो आपल्या मंडळींच्या गप्पांत नेमका गाळला जातो. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी स्वतंत्र परमिट लागतं, कॅलिफोर्नियात दुकानदार नवं पिस्तूल साधारणपणे मान्य यादीतलंच विकू शकतो, टेक्ससमध्ये असं काही नाही. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते. पण एच-1बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच संघीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा थोड्या अपवादांपैकी एक. रेंजवर तासभर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही याच कलमात बसतं. आणि 9 मिमी हा भारतात सामान्य परवान्यावर मिळणारा बोअर नाही, त्यामुळे परतताना ते सोबत नेण्याचा बेत आखू नका. व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर बंदुकीच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.