शरदातील गिरिभ्रमण आणि घरातील लहान सहप्रवासी

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीच्या सुटीचे वेध लागले की शाखाशाखांतून रजेच्या अर्जांची आणि एल.एफ.सी.च्या चौकशीची लगबग सुरू होते. आपल्या ग्राहकांच्या घरीही याच सुमारास प्रवासाचे बेत शिजत असतात. पर्जन्यकाळ सरल्यावर हिमालयातील आकाश निवळते, दरडींचे भय बरेच ओसरते आणि हिमशिखरे दिवसभर दर्शन देतात. पायी हिंडण्यास याहून अनुकूल काळ क्वचितच सापडेल. मात्र सोबत आठ-दहा वर्षांचे मूल असेल, तर सहलीचा आराखडा त्याच्या चालीवरून मांडावा लागतो. तो कसा मांडावा, हे उत्तराखंडातील चोपता ते तुंगनाथ या वाटेच्या उदाहरणाने पाहू.

तुंगनाथ हे पंचकेदारांपैकी तिसरे स्थान. मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर असून, मोटारीचा रस्ता जेथे सोडावा लागतो ते चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे. मधली साडेतीन ते चार किलोमीटरची वाट दगडी फरसबंदीची आहे. मंदिराचे दरवाजे बहुधा ऑक्टोबरअखेर वा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात व देवाची उत्सवमूर्ती मक्कूमठ येथे नेली जाते. ज्या वर्षी दिवाळी उशिरा येते, त्या वर्षी सुटी आणि दर्शन यांचा मेळ बसत नाही. म्हणून आधी पंचांग पाहावे, मग तिकिटे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते, हेही ध्यानी असावे.

उंचीचा हिशेब

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे चोपत्याचा मुक्कामच त्याहून एक किलोमीटर उंच! तुंगनाथापाशी श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश असतो. शरीराला याची सवय करण्यास अवधी लागतो आणि त्यावर पैशाचा वा हौसेचा इलाज चालत नाही. ऋषिकेशहून निघून पहिला मुक्काम उखीमठ किंवा सारी गावी करावा. दुसऱ्या दिवशी सारीहून देवरिया तालापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची चढण चढून परतावे. तलावात चौखंबा शिखरांचे प्रतिबिंब पाहण्याचा आनंद तर मिळतोच, शिवाय मुलाची चाल, बुटांचा चावा आणि खाण्याच्या खोड्या येथेच कळून येतात. तिसऱ्या दिवशी गाडीने चोपता गाठून विश्रांती घ्यावी आणि तुंगनाथाची वाट चौथ्या दिवशी धरावी. चार दिवस नसतील, तर तुंगनाथ सोडून देवरिया तालावरच समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास संभवतो. मोठा माणूस डोके दुखते असे सांगतो. मूल मात्र चिडचिड करते, गप्प होते, खाणे नाकारते किंवा ओकारी काढते. घाटातील गाडी लागल्याने झालेली ओकारी कोणती आणि उंचीमुळे झालेली कोणती, हे ओळखणे अवघड असते. संशय आल्यास तो उंचीचाच त्रास समजून खाली उतरावे. औषधांविषयी निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. परिचितांच्या सांगण्यावरून मुलांना गोळ्या देऊ नयेत.

घड्याळाचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. दर पाच किलोमीटर चालीस एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईस आणखी एक तास. चार किलोमीटर चाल व सुमारे हजार मीटर चढ धरला, तर निरोगी प्रौढास अंदाजे अडीच तास लागतील. मुलासाठी याची दीडपट धरावी आणि विसाव्यासह चार तासांची तरतूद करावी. संभाव्य बुडितासाठी तरतूद करण्याची सवय असलेल्या आपल्या व्यवसायातील मंडळींना हे निराळे सांगायला नकोच!

ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि थंडी झपाट्याने उतरते. सकाळी सातला निघाल्यास अकरापर्यंत मंदिर गाठता येते. परतीची वेळ दुपारी बारा. ही वेळ घरी असतानाच, मुलाच्या समक्ष ठरवून कागदावर लिहावी. वर पोहोचल्यावर ठरवायला गेल्यास शिखराचा मोह निर्णय घेतो.

सामानाविषयी थोडक्यात. सुती कपडे घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत, म्हणून आत चटकन वाळणारा कपडा, त्यावर लोकर आणि बाहेर वारारोधक असे थर हवेत. बूट महिनाभर आधी घेऊन वापरावेत. पुण्यात पर्वतीच्या, मैसूरला चामुंडी टेकडीच्या पायऱ्या सरावास आहेतच. राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचे लाडू जवळ ठेवावेत आणि तहान नसली तरी अर्ध्या तासाने पाणी पाजावे. मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. चुकामूक झाल्यास जागचे न हलता ती वाजवायची, एवढे पढवून ठेवावे. आज खिशात फोन असला की पैसे असल्यासारखेच वाटते, पण डोंगरात संपर्क भरवशाचा नाही, तेव्हा पुरेशी रोकड बाळगावी. प्रवास विमा असल्यास उंचीवरील पदभ्रमण त्यातून वगळलेले नाही ना, हेही वाचून घ्यावे.

आमची कन्या नऊ वर्षांची असताना आम्ही या वाटेने गेलो. साडेअकराला मंदिरापाशी पोहोचलो. वर चार हजार मीटरचे चंद्रशिला शिखर खुणावत होते. जाण्यास मोठ्यांना तासभर, तिला दीड-दोन तास. दर्शन झाले. नेहमी बडबडणारी ती पायरीवर गप्प बसली होती आणि हातातला लाडू तसाच होता. विचारले तर म्हणाली, "काही नाही." आकाश इतके स्वच्छ होते की 'एवढे आलोच आहोत तर' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सौभाग्यवतींनी काही न बोलता पिशवीतून तो लिहिलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. बाराला दहा मिनिटे कमी असताना आम्ही उतरू लागलो. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. अर्धी वाट उतरल्यावर तिने तो लाडू खिशातून काढून संपवला आणि चोपत्याच्या टपरीवर पोहोचताच मॅगीची दुसरी थाळी मागितली.