यंत्रमानवांच्या मैदानातील अडवणूक आणि तिची मर्यादा

चिचगडच्या मैदानावर कबड्डी पाहिलेल्या माणसाला पकड म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. चढाईपटूचा हात, पाय किंवा कंबर धरावी. त्याचे तोंड दाबू नये, केस वा कपडे ओढू नयेत, पायांची कैची घालू नये, एवढे लहान मुलांनाही ठाऊक असते. हाच प्रश्न आता विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये उभा राहिला आहे. तेथे पकड हाडामांसाची नसून धातूची असते, आणि धातूला वेदना होत नाहीत या समजुतीने मुलांचा हात अधिकच मोकळा सुटतो.

सर्वच स्पर्धांत हा प्रश्न येत नाही. 2014 साली पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक स्पर्धा झाली, तेव्हा पालक यंत्रमानवाने बाल यंत्रमानवाला झोके आणि सी-सॉ खेळवायचे होते. दोन्ही संघ तीच कामे करीत. जो लवकर आटोपेल तो पुढे. याच स्पर्धेचा 2025 चा विषय मात्र बास्केटबॉल होता. बास्केटबॉल म्हटले की प्रतिस्पर्ध्याला अडविणे आलेच. ते खेळाचाच भाग आहे, त्यात गैर काही नाही.

गैर कोठे सुरू होते? ‘व्हेक्स’ या शालेय स्पर्धेचे नियम याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देतात. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राला कोपऱ्यात दाबून धरायचे असेल तर पंचाने पाच मोजेपर्यंतच. त्यानंतर सोडून दूर व्हावे लागते. यंत्र मोडणे, उलथविणे किंवा त्यात मुद्दाम अडकून बसणे हा डाव मानला जात नाही, तो दोष ठरतो. आणखी एक नियम मला विशेष अभ्यासनीय वाटतो. अडविणारा आणि गुण मिळवू पाहणारा यांच्या धडकेत नुकसान झाले व दोष कोणाचा हे पंचाला ठरविता येईना, तर संशयाचा फायदा गुण मिळवू पाहणाऱ्याला दिला जातो. म्हणजे अडविण्याची वाट ज्याने निवडली, त्या वाटेवरची जोखीमही त्याचीच.

दीनच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. सूरह अल-बकराच्या 190 व्या आयतीत प्रत्यक्ष युद्धातही मर्यादा ओलांडण्यास मनाई आहे. मग खेळाची काय कथा! हजरत अबू मूसा (रजि.) यांनी कथन केलेल्या एका हदीसचा आशय असा की, मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, न जाणो कोणाला लागतील. येथे बाण बाळगणाऱ्याचा हेतू वाईट आहे असे कोठेही म्हटलेले नाही. त्याची नियत निर्मळ असेल, तरीही टोक धरण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. ‘मी मुद्दाम मोडले नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी ही हदीस आधी वाचायला सांगेन. (त्याच्या प्रशिक्षकाला तर त्याहूनही आधी, ‘घुसव, घुसव’ असा पुकारा बहुधा मैदानाबाहेरूनच येतो.)

आता नुकसान म्हणजे नेमके काय, तेही पाहा. समजा, चिचगडसारख्या गावातील मुले कित्येक महिने खपून एक यंत्र उभे करतात. पहिल्याच सामन्यात दुसऱ्याच्या धडकेने त्यातील मोटर जळते. मोठ्या शहरातील संघाच्या पेटीत दुसरी मोटर तयार असते. या मुलांना ती मागवावी लागेल. ती हाती येईपर्यंत स्पर्धा संपून मुले घरी परतलेली असतील. धातूला वेदना होत नाहीत हे खरे, पण ती मोटर ज्याने जोडली त्या मुलाचे काय?

हरण्याचे भय या आक्रमकपणाच्या मुळाशी असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची अज्बा नावाची सांडणी शर्यतीत कोणाला हार जात नसे. एकदा एक ग्रामीण अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सोबत्यांना ते फार लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना समजाविले की, जगात जे उंचावते त्याला अल्लाह खालीही आणतोच. ना त्या अरबाला कोणी अडविले, ना त्याच्या उंटाबद्दल कोणी कुरकुर केली.

‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याला सुटे भाग आणि अवजारे उसनी देण्याची रीत आहे. वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी तेथे ती वृत्ती रुजविली. चुरशीने खेळावे, पण समोरच्याचा मान राखून, असे त्यांचे सांगणे असे. तेव्हा आपला मुलगा वा मुलगी अशा स्पर्धेला निघाली, तर तिच्या पेटीत एक जादा मोटर ठेवा. ती कोणासाठी आहे, हेही निघतानाच सांगून ठेवा.