दही घट्ट का लागते?

दही विरजणाने लागते. पण ते घट्ट होणार की पाणी सोडणार, हे बरेचसे दूध तापवतानाच ठरते, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते.

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. उरलेली प्रथिने निवळीतील. केसीनचे सूक्ष्म कण ऋण विद्युतभारामुळे परस्परांपासून दूर राहतात. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू ६.६ वरून ४.६ कडे उतरू लागला, की हा भार ओसरतो आणि कण एकमेकांस चिकटून जाळे विणतात. तेच दही.

डोंबिवलीत घरोघरी येणारे पिशवीतील दूध बहुधा पाश्चरीकृत असते. ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंदांची ही प्रक्रिया रोगजंतू मारते. निवळीतील प्रथिने मात्र बहुतांशी तशीच राहतात. तेच दूध ८५ अंशांवर अर्धा तास ठेवले, तर ती उलगडून केसीनला जोडली जातात. जाळे दाट होते व पाणी धरून ठेवते.

म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपण दूध मंद आचेवर पुरेसे तापवावे, सुमारे ४२ अंशांपर्यंत निवू द्यावे, मग विरजावे आणि दही लागेपर्यंत भांडे हलवू नये. सुटलेली निवळही फेकू नये. तिच्यात प्रथिने व कॅल्शियम असते. महाग भुकटी न मिसळताही मुलांच्या ताटात घट्ट दही येऊ शकते.