शनिवार-रविवारचा स्वार आणि घोड्याचा आठवडा

कॅडेट मित्रांनो, आपल्या शाळेतील बहुतेक स्वार हे शनिवार-रविवारचे स्वार आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी पीटी, मग वर्ग, संध्याकाळी खेळ आणि रात्री अभ्यासिका. त्यातून घोड्यासाठी वेळ उरतो तो शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी. प्रत्येकी ४५ मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तर आठवड्याला दीड तास होतो. सत्राच्या १२ आठवड्यांचा हिशेब १८ तासांवर जातो. म्हणजे पूर्ण सत्रात तुम्ही एक दिवसभरही खोगिरावर नसता, आणि तरीही सत्र संपताना तुम्हाला स्पर्धेत उतरायचे असते.

हे शक्य आहे का, असे पालक मला विचारतात. शक्य आहे. मात्र त्यासाठी एक गोष्ट मनावर घ्यावी लागते. तुमचा आठवडा दोन दिवसांचा असला तरी घोड्याचा आठवडा सात दिवसांचाच असतो. जो कॅडेट घोड्याचे सातही दिवस लक्षात ठेवून आपले दोन दिवस आखतो, त्याची प्रगती होते. या लेखात ती आखणी कशी करायची ते सांगतो.

१. आधी घोडा समजून घ्या

निरोगी, शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाडी जबड्याखालच्या शिरेवर बोटे ठेवून १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायची. मध्यम कामानंतर दहा मिनिटे चालवल्यावर नाडी साठच्या खाली आली नाही, तर ते काम त्या दिवशी त्या घोड्याला जास्त झाले असे समजावे.

दुसरी गोष्ट तंदुरुस्तीची. नियमित कामाने घोड्याचे हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. कंडरा आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे घोडा दमत नाही, म्हणजे त्याचे पाय तयार झाले, असे मुळीच नाही. पुष्कळ दुखापती नेमक्या याच काळात होतात, कारण घोड्याला जोर आलेला असतो आणि स्वाराला धीर नसतो.

तिसरी गोष्ट जुन्या काळातली, पण आपल्याला थेट लागू पडणारी. गाडीला जुंपले जाणारे घोडे रविवारी उभे असत, पण त्यांची चंदी मात्र कामाच्या दिवसाइतकीच चालू राही. सोमवारी कामाला लावले की काही घोड्यांचे मागचे स्नायू दगडासारखे ताठ होत, घाम फुटे, लघवी गडद होई. याला ‘सोमवारचा आजार’ असे नाव पडले. आपल्याकडे घोडा पाच दिवस उभा राहिला आणि शनिवारी एकदम कामाला लागला, तर सोमवारचा आजार शनिवारीही येऊ शकतो. म्हणून मधल्या दिवसांत आपले सईस घोड्यांना फिरवतात आणि विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करून गवत भरपूर देतात. घोडा असा ताठरला तर त्याला चालवून मोकळा करण्याचा प्रयत्न करू नका. जागीच थांबवा, उतरा आणि पशुवैद्यांना बोलवा.

२. बारा आठवड्यांची आखणी

पहिले चार आठवडे मांड पक्की करण्याचे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत हवेत. लाँजच्या दोरीवर, रिकिबीशिवाय, आधी कदम आणि मग दुडकी. कदमचालीत टापांचे चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोन, कॅन्टरमध्ये तीन. डोळे मिटून हे ठोके ओळखता आले पाहिजेत. उठबस दुडकीत घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचे. मांड पक्की नसली की स्वार तोल सांभाळण्यासाठी लगाम धरतो आणि त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते.

पाचवा ते आठवा आठवडा लयीचा. जमिनीवर दांडे ठेवून त्यांवरून दुडकीत जायचे. दोन दांड्यांमध्ये साधारण १.३ मीटर अंतर ठेवतो आणि घोड्याच्या चालीप्रमाणे ते कमी-जास्त करतो. नंतर २० मीटर व्यासाची वर्तुळे. वर्तुळ अंड्यासारखे झाले तर घोड्याला दोष देऊ नका, आपली नजर कुठे होती ते आठवा. या टप्प्याच्या शेवटी ४० ते ५० सेंटिमीटरचा फुलीचा अडथळा.

नववा ते अकरावा आठवडा जोडणीचा. दोन अडथळे एका रेषेत, मग पाच-सहा अडथळ्यांचा छोटा मार्ग. उंची ६० ते ७० सेंटिमीटर. एका दिवशी एका घोड्याकडून पंधरा-वीसपेक्षा जास्त उड्या मी घेत नाही. तुमच्या आधी त्याच घोड्यावर दुसरा कॅडेट बसला असेल, तर त्याच्या उड्याही याच हिशेबात धरायच्या.

बाराव्या आठवड्यात काम हलके. नवीन काहीही शिकायचे नाही.

प्रत्येक तासिकेचे भागही ठरलेले असतात: दहा मिनिटे सैल लगामावर कदम, दहा मिनिटे दुडकी आणि वळणे, पंधरा मिनिटे त्या दिवसाचा मुख्य धडा आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा कदम. वेळ कमी पडला तर कात्री मुख्य धड्याला लावावी, पहिल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांना नाही. शनिवारी नवा धडा द्यावा आणि रविवारी तोच सोपा करून पक्का करावा, असा माझा क्रम असतो. रविवारी चूक सुधारली की थांबायचे. ‘उस्ताद, अजून एकदा’ असे म्हणणारे मला आवडतात, पण त्या वेळी मी घोड्याकडे पाहून उत्तर देतो.

३. घोड्याशिवायचे पाच दिवस

सोमवार ते शुक्रवारही उपयोगात आणता येतात. ड्रेसाजचे छोटे मैदान २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असते. कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरे क्रमाने येतात आणि मध्यभागी एक्स. हा आराखडा कागदावर काढून त्यावर बोटाने आपली चाचणी फिरवा. मग परेड मैदानावर पायांनी चाला. चाचणी पाठ असेल तरच स्वाराचे लक्ष घोड्याकडे राहते.

अडथळ्यांचे गणितही जमिनीवरच शिकायचे. मोठ्या घोड्याची कॅन्टरमधली एक ढांग साधारण ३.६ मीटर धरतात. तुमचे पाऊल ९० सेंटिमीटरचे असेल तर चार पावले म्हणजे एक ढांग. उडीनंतर खाली येण्यासाठी दोन पावले आणि पुढच्या उडीच्या आधीची दोन पावले वजा करायची. समजा, दोन अडथळ्यांत १८ मीटर, म्हणजे २० पावले आहेत. २० वजा ४, उरली १६. भागिले ४, म्हणजे चार ढांगा. कमी उंचीवर आणि लहान घोड्यावर हे अंतर कमी होते. आपले पाऊल नेमके ९० सेंटिमीटरचे पडावे म्हणून टेप लावून सराव करा. ड्रिलमध्ये घोटलेले मोजके पाऊल इथे कामी येते.

शिवाय रोज पागेत दहा मिनिटे जा. खरारा करा, खूर टाचेकडून पुढे साफ करा आणि पुढच्या दोन्ही पायांच्या मागच्या शिरांवरून एकाच वेळी हात फिरवा. उजवा पाय डाव्याशी ताडून पाहायचा. एखादा पाय गरम लागला, फुगला, किंवा दाबल्यावर घोड्याने तो उचलला, तर लगेच सांगा.

४. स्पर्धा आणि प्रगतीची वही

ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण मिळतात आणि बेरजेची टक्केवारी काढतात. २२० पैकी १३२ मिळाले तर ६० टक्के. पण वहीत फक्त टक्केवारी लिहू नका. परीक्षकांचा शेरा हालचालीनुसार उतरवा. मागच्या वेळी ‘लय तुटली’ असा शेरा चार ठिकाणी होता आणि या वेळी एकाच ठिकाणी आहे, तर टक्केवारी तितकीच राहिली तरी प्रगती झाली आहे.

उड्यांच्या स्पर्धेत दांडा पडला की ४ दोषगुण. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घोड्याने पहिल्यांदा नकार दिला तर ४, दुसऱ्या नकाराला बाद, आणि स्वार पडला तरीही बाद. प्रत्येक स्पर्धेचे नियमपत्रक मात्र आधी वाचावे. वेळेचाही हिशेब असतो. मार्ग ४०० मीटर आणि वेग मिनिटाला ३५० मीटर ठरला असेल तर साधारण ६९ सेकंद मिळतात.

इथे मला मागच्या सत्रातला एक प्रसंग नोंदवायचा आहे. अकरावीतील एका कॅडेटची निवड ७० सेंटिमीटरच्या स्पर्धेसाठी झाली होती. घोडी होती शमा. पाचही दिवस अभ्यासिकेआधी तो तिचे पाय तपासून जाई. स्पर्धा रविवारी होती आणि आई-बाबा रात्रभर प्रवास करून शनिवारी सकाळी यायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “उस्ताद, डावा पाय काल असा नव्हता.” मी हात लावून पाहिला. फरक इतका थोडा होता की रोज हात न लावणाऱ्याला तो कळलाच नसता. घोडी लंगडत नव्हती. तो गप्प राहिला असता तर रविवारी ती बहुधा धावलीही असती.

पशुवैद्यांनी तपासून सहा आठवडे काम बंद केले. दुसरा घोडा त्या कॅडेटसाठी तयार नव्हता, त्यामुळे तो स्पर्धेत उतरला नाही. आई-बाबा आले. वडील सुरुवातीला नाराज होते आणि ते स्वाभाविक होते. मी त्यांना पागेत नेले. मुलाने बाबांचा हात धरून आधी उजव्या आणि मग डाव्या पायावर ठेवला. त्यानंतर बाबांनी मला स्पर्धेबद्दल काही विचारले नाही. सहा आठवडे घोडी कशी ठेवणार, एवढेच विचारले. आज शमा पुन्हा दुडकीवर आली आहे, उड्या अजून सुरू केलेल्या नाहीत. त्या कॅडेटच्या वहीत त्या रविवारपुढे गुणांची जागा कोरी आहे. तरी त्या सत्रातली सर्वांत मोठी प्रगती कोणाची, असे विचारले तर मी त्याचेच नाव घेईन.

५. पालकांसाठी

शिरस्त्राण घोडेस्वारीसाठी बनवलेले, हनुवटीखाली पट्टा असलेलेच घ्या. सायकलचे किंवा क्रिकेटचे चालत नाही. डोक्यावर जोराचा मार बसल्यावर ते बदलावे, वरून चांगले दिसत असले तरीही. बुटाला छोटी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. सुट्टीत मुलगा किंवा मुलगी शहरातल्या क्लबमध्ये स्वारीला गेली, तर आधी आमच्याकडून तिची वही मागून घ्या आणि तिथल्या शिक्षकांना दाखवा. ‘किती उंच उडी मारलीस?’ याऐवजी ‘आज घोडा कसा होता?’ असे विचारा.

मुलींच्या पालकांना एक आवर्जून सांगतो. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री आणि पुरुष एकाच गटात उतरतात. एके काळी हा खेळ तिथे लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता. १९५२ साली हेलसिंकीत ड्रेसाज स्त्रियांना खुले झाले आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत बळ नसलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक जिंकले. आपल्या देशाने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीत तीन सुवर्णपदके मिळवली. त्यानंतरचे सुवर्ण ४१ वर्षांनी, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ड्रेसाज संघाने आणले. त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या आणि मुंबईचा हृदय छेडाही होता.

स्वाध्याय

१. दोन अडथळ्यांत १६ पावले आहेत. मोठ्या घोड्याच्या किती ढांगा बसतील?
२. एका स्वाराचे दोन दांडे पडले आणि घोड्याने एकदा नकार दिला. वेळेचे दोषगुण नसतील तर एकूण किती?
३. मार्ग ३५० मीटर, वेग मिनिटाला ३५० मीटर. किती सेकंद मिळतील?
४. या आठवड्यात रोज आपल्या घोड्याची नाडी मोजा आणि सात आकडे वहीत लिहा. ज्या दिवशी आकडा वेगळा आला, त्या दिवशी काय घडले होते ते सईसांना विचारून शेजारी नोंदवा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ३, १२ आणि ६० अशी आहेत. चौथ्याचे उत्तर येत्या शनिवारी पागेत येताना घेऊन या.