कपाटामागची भिंत

ऑगस्टमध्ये मंगळागौरीला नेसायची म्हणून पैठणी काढायला लोखंडी कपाट उघडलं, तर ओल्या मातीसारखा कुबट वास आला. साडी मलमलीत गुंडाळलेली होती. मलमलीवर काळे-हिरवट ठिपके पडले होते, आत पदराच्या घडीवरही तेच. मी आणि नवऱ्याने मिळून कपाट पुढे ओढलं. मागची भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत काळवंडलेली. रंगाला फुगे आले होते. एकावर बोट टेकवलं तर तो पापडासारखा फुटला आणि बोटाला ओली वाळू लागली.

डोंबिवलीतल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही एप्रिलमध्ये आलो होतो. सगळ्या घराला जुना रंग, फक्त त्या एका खोलीला नवा. तेव्हा आम्हाला त्याचा आनंदच झाला. आज एखाद्या घरात एकच भिंत किंवा एकच खोली ताजी रंगवलेली दिसली, तर मी आधी तिथेच हात लावून बघते आणि शेजारच्यांना पावसाळ्याचं विचारते.

जूनअखेरीस खिडकीखाली ताटलीएवढा डाग आला होता. तो दिसायला नको म्हणून आम्ही कपाट तिथे सरकवलं. ती आमची सगळ्यात मोठी चूक. भिंतीला वारा लागेना आणि डाग किती वाढला तेही कळेना. त्याच खोलीत सासूबाई झोपायच्या. त्यांना दम्याचा त्रास. जुलैपासून खोकला हटत नव्हता आणि आम्ही हवामान बदललं म्हणून त्यांना सितोपलादी चाटवत होतो. डॉक्टरांनी "घरात कुठे बुरशी आहे का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

घरमालक काकांना फोन केला होता. "अहो, पावसाळ्यात थोडी ओल यायचीच. दिवाळीला रंग मारून देतो," ते म्हणाले. आम्ही मान डोलावली. मग न राहवून स्वतःच्या खर्चाने पुट्टी आणि रंग लावून घेतला. तीन आठवड्यांत पुन्हा पोपडे.

शेवटी एका जुन्या गवंड्याने नीट समजावलं. नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो. बाहेर बीम आणि विटा जिथे मिळतात तिथे प्लास्टरला केसाएवढी भेग होती. तिथून शिरलेलं पाणी विटा धरून ठेवतात, आणि आत येताना ते क्षार घेऊन येतं. पिठासारखा पांढरा लोणा फुटतो तो त्याचाच. आतून कितीही रंग मारा, पाणी त्याला ढकलून देणारच. भेग बाहेरून बुजवायची, बाहेरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करायचं, आणि आतलं प्लास्टर पुरतं वाळल्यावरच रंग.

म्हणून पाणी येतंय कुठून, हे आधी शोधा. पावसात वाढून उन्हात सुकणारी ओल बाहेरच्या भिंतीची. बाराही महिने सारखीच असेल आणि वर न्हाणीघर असेल, तर वरच्या मजल्याची. फक्त कोपऱ्यात किंवा सामानामागे बुरशी असेल, तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. दव खोलीच्या बाजूला जमलं तर दोष कोंदट हवेचा, भिंतीच्या बाजूला जमलं तर भिंतीचा.

दुरुस्ती कोणाची, तेही यावरूनच ठरतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. पण भाड्याने राहणारे आपण सभासद नसतो. अर्ज मालकाच्या सहीने जायला हवा. काकांनी तो तीन महिने दिला नाही, आणि आमच्याकडे त्यांना लिहिलेली एक ओळही नव्हती.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 14 सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. हे वाचून मला हायसं वाटलं होतं. मग वकिलांनी सांगितलं की हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. आपल्यासाठी करारात लिहिलेला शब्द महत्त्वाचा. आमच्या करारात दुरुस्तीबद्दल फक्त "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" एवढंच होतं. त्यामुळे मनाने भाडं कापायला जाऊ नका, आधी वकिलाला करार दाखवा.

घर सोडताना काकांनी त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. भिंत आधीपासून तशी होती, हे दाखवायला आमच्याकडे तारखेचा एक फोटो नव्हता.

नव्या घरात सामान लावण्याआधी आम्ही प्रत्येक भिंतीचे, छताचे, खिडकीखालचे फोटो काढले आणि त्याच दिवशी मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवले. गळती आणि ओल यांची दुरुस्ती आम्ही कळवल्यापासून 15 दिवसांत मालकाने सुरू करावी, ही ओळ नोंदणीआधीच करारात घालून घेतली. त्या लगेच हो म्हणाल्या. आम्ही आधी कधी विचारलंच नव्हतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे, आणि सासूबाईंचा पलंग आतल्या, कोरड्या भिंतीला.